चांदीचे डोहाळे

आमच्या हिला सातवा महिना लागला आहे, ही बातमी मला कल्याणच्या मंडळींनी दिली. हिला स्वतःला तर ती माझ्याही नंतर कळली! (हिची तेव्हा चाळिशी जवळ आली होती, आणि थोरल्या लेकीचं लग्न त्याच वर्षी झालं होतं.) या सगळ्याचं मूळ पन्नास चांदीच्या रुपयांत होतं, आणि त्या रुपयांचं मूळ माझ्या डोक्यात. तिथे तेव्हा अक्कल सोडून बाकी सगळ्याला भरपूर जागा होती.

मी ठाण्याच्या कोर्टात नकला उतरवणारा कारकून. माझं अक्षर इतकं वळणदार की फसवणुकीच्या खटल्यांचे लांबलचक निकाल मुद्दाम माझ्याकडे येत. कोणी पितळेच्या पाटल्या सोन्याच्या म्हणून विकल्या, कोणी एकच म्हैस तीन गावांत विकली... मी ते सगळं मन लावून उतरवून काढी आणि बोरू पुसता पुसता म्हणे, "लोक तरी किती भोळे असतात!"

त्या वर्षी लेकीचा पहिला दिवाळसण होता. जावई कल्याणचे, चांगल्या घरचे, स्वभावाने गरीब. पण विहीणबाई! त्यांनी लग्नात आमच्या मांडवातला भात बोटांनी चेपून पाहिला होता. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या तरी समोरच्याला आपलं काय चुकलं ते आठवू लागे. त्यांच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी जावयाला द्यायचं, म्हणून हिने दोन वर्षं पै पै करून साठवलेले पन्नास राणीछाप रुपये बाहेर काढले. गणपती उठले आणि हिने ती पुरचुंडी माझ्या हातात ठेवली.

"आत्ताच्या आत्ता सोनाराकडे जा. चांदीचा तांब्या आणि फुलपात्र घडवायला टाका. वाटेत कुठे थांबू नका."

सोनाराचं दुकान घरापासून दोनशे पावलांवर होतं. मी शंभराव्या पावलावर थांबलो.

कारण तलावाच्या काठी लाल पगडीवाले ते गृहस्थ बसले होते. गेले चार दिवस ते कोर्टाच्या ओसरीवर येऊन माझ्या अक्षराची तारीफ करत होते. (माझ्या अक्षराची तारीफ करणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवणं मला आजही जमत नाही.) त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नानासाहेब, आपण शिकलेले म्हणून सांगतो. डोंबिवलीच्या बाजूला बांध घालताना कुदळीला हंडा लागला. जुने रुपये! फारशी अक्षरांचे!"

"मग ते सरकारात जमा करायला हवेत," मी कोर्टाच्या आवाजात म्हणालो.

"तेच तर! सरकारात गेले की तुमच्या-आमच्या दृष्टीने बुडालेच. आपल्या ठाण्यात एका गोऱ्या साहेबाला जुन्या नाण्यांचा नाद आहे म्हणतात. एकेकाचे तीन तीन रुपये देतो!"

ही गोष्ट खरी होती. साहेबाच्या नादाबद्दल कचेरीत सगळेच बोलत. तरी मी हुशारीने एक शंका काढली.

"पण अलीकडे चांदी उतरत चाललीय, असं पेपरात येतं."

"आजची चांदी उतरते, नानासाहेब! जुनी चांदी कशी उतरेल? ती आधीच जुनी आहे!"

मी शंका मागे घेतली. आता विचार करतो तेव्हा त्या वाक्याला काही अर्थच नव्हता असं वाटतं. पण त्या दिवशी ते मला एखाद्या निकालपत्रासारखं भारदस्त वाटलं.

तरीही मी आंधळा व्यवहार केला नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. मी त्यांच्या थैलीत हात घालून स्वतः निवडून तीन रुपये काढले, सोनाराकडे नेले, कसोटीवर घासून घेतले. सोनार म्हणाला, "चांदी उत्तम आहे." झालं! (मी ते तिन्ही रुपये थैलीच्या तोंडाशी असलेल्यांतूनच उचलले होते, हे माझ्या लक्षात यायला दीड महिना लागला.) हिचे पन्नास राणीछाप त्या गृहस्थांच्या कनवटीला गेले आणि पन्नास काळपट, गूढ, फारशी अक्षरांचे रुपये माझ्या उपरण्यात आले. मनातल्या मनात मी त्यांचे दीडशे केले. तांब्या, फुलपात्र, ताट, वाटी, शिवाय हिला वाकी! विहीणबाई तोंडात बोटं घालतील!

दुसऱ्या दिवशी कळलं की साहेब दौऱ्यावर गेलाय, तो दिवाळीनंतर येणार.

"तांब्या टाकलात ना घडायला?" हिने विचारलं.

"टाकला की. नक्षीकामाला वेळ लागतो म्हणाला."

आता रुपये ठेवायचे कुठे? पेटीच्या किल्ल्या हिच्या कमरेला. देवघरात ठेवावेत तर ही रोज देव घासते. तेवढ्यात माझी नजर फडताळावरच्या चिंचेच्या मोठ्या बरणीवर गेली. चैत्रात मीठ लावून भरलेली ती बरणी दिवाळीनंतरच उघडायची, असा आमच्या घरचा कायदा होता. चोर चिंच चोरत नाही आणि बायको कायदा मोडत नाही! ही शेजारी हळदीकुंकवाला गेलेली पाहून मी रुपये फडक्यात घट्ट बांधले आणि कोपरापर्यंत हात घालून बरणीच्या तळाशी दडपले. दोन दिवस हाताला चिंचेचा वास येत होता. पण आपण केवढी शक्कल लढवली, या विचाराने मला तो अत्तरासारखा वाटला.

दिवाळी दोन आठवड्यांवर आली आणि एका संध्याकाळी मी कचेरीतून घरी आलो तो ही खुशीत होती.

"आज बापू येऊन गेला." बापू म्हणजे हिचा धाकटा भाऊ, कल्याणला भाताचा व्यापार करी. "वहिनीची यंदाची चिंच सगळी बुरसली हो. दिवाळीची भांडी घासायला घरात बोटभर चिंच नाही. म्हणून आपली बरणी दिली त्याच्याबरोबर."

मी उंबऱ्यावरच बसलो.

"कोणती बरणी?"

"मोठी."

"मोठी? अगं, लहान द्यायचीस!"

"लहान कशी देऊ? माझा भाऊ आहे तो! आणि तुम्हाला कधीपासून चिंचेचा एवढा पुळका?"

रविवारी सकाळी पहिल्या गाडीने मी कल्याण गाठलं. बापू वखारीत गेला होता. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होती, आणि तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, माझी बरणी!

"या या, भावोजी! एकटेच? अक्का नाही आल्या?"

"नाही. मी आपला सहज... वहिनी, ती चिंच कशी काय निघाली?"

"अजून उघडलीसुद्धा नाही."

माझ्या जिवात जीव आला. पण बरणी मागायची कशी? आयत्या वेळी जे सुचलं ते बोललो.

"मला जराशी चाखायला मिळेल का?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, उठून बरणीतून एक तुकडा काढून दिला. तो तोंडात टाकताच माझे दोन्ही डोळे मिटले. चिंच आंबट असते हे मला ठाऊक होतं. पण ही कडू, तुरट आणि जिभेला ओरबाडणारी होती. तरी मी हसलो.

"वा! वहिनी, ही चिंच... ही मला परत हवी होती. सगळीच."

"सगळी? ती कशाला हो? कोणाला हवीय एवढी?"

कोणाला! हा प्रश्न मला देवासारखा धावून आला. हिच्यावर ढकललं की सुटलो!

"तिलाच हवीय. द्यायला दिली खरी, पण तेव्हापासून जीव लागत नाही तिचा. सारखी आठवण काढते. काल तर जेवलीसुद्धा नाही."

वहिनीच्या हातातलं सूप खाली आलं.

"अगं बाई! अक्कांना? चिंच?"

"हो ना."

"या वयात?"

"वयाचं काय घेऊन बसलात वहिनी! इच्छा आहे, ती कधीही होते."

"तेही खरंच," ती पदर तोंडाला लावून म्हणाली. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "केव्हापासूनची हो?"

मला वाटलं, बरणी केव्हा भरली ते विचारतेय.

"चैत्रातली."

वहिनी बोटं मोजू लागली. "चैत्र, वैशाख, ज्येष्ठ... अश्विन! सातवा चालू! आणि आम्हाला पत्ता नाही! हे परवाच येऊन गेले, ह्यांनासुद्धा दिसलं नाही? ह्या पुरुषांना भाताच्या भावापलीकडे काही दिसतं का!"

बापूला चिंचेचं काय दिसायला हवं होतं, ते मला कळेना. पण मी बरणी मिळवायला आलो होतो, उलटतपासणीला नव्हे. मी मान डोलावली. (त्या सकाळी मी फार माना डोलावल्या.) वहिनीने बरणी तर दिलीच, वर पंचाभर आवळे आणि एक कवठही दिलं, आणि निघताना म्हणाली, "आता त्यांना जड उचलू देऊ नका हं!"

"छे छे, मीच उचलतो," असं म्हणून मी बरणी छातीशी धरून स्टेशनाकडे पळालो.

गाडीत बसल्या बसल्या बरणीत हात घातला. तळाशी फडक्यातली गाठोडी होती! समोर बसलेला कोलशेतचा एक म्हातारा ख्रिस्ती शेतकरी माझा कोपरापर्यंत बुडालेला हात बराच वेळ पाहत होता.

"काय हाय रं बाबा? लोनचा?"

"चिंच," मी हसू दाबत म्हणालो.

"मंग एवडा कनाला हसतंस?"

घरी आल्यावर मात्र हसू मावळलं.

"ही बरणी परत कशी?" हिने विचारलं.

"वहिनींना नको होती." (दुसरं काय सांगणार?)

हिचा चेहरा चिंचेहून आंबट झाला. "नको होती? माझी चिंच? आणि हे आवळे, कवठ कशाला? भरपाई म्हणून? येऊ दे तिला माझ्या दारात, मग सांगते!"

त्या रात्री माझ्या पोटात असं काही ढवळलं की मी झोपलो नाही. मी त्याचा दोष कवठाला दिला.

पुढच्या रविवारी, दिवाळी पाच दिवसांवर असताना, ही मागच्या अंगणात हंडे-कळशा घासत बसली होती. पुढच्या दारी बायकांचा गलका ऐकू आला. मी बाहेर आलो. वहिनी, तिच्या आळीतल्या तीन बायका, मागे टोपली घेतलेला बापू, आणि सगळ्यांच्या मधोमध, हातात हिरवं लुगडं घेऊन, विहीणबाई!

"व्याही, बातमी लपवून ठेवलीत हो," त्या म्हणाल्या. "आम्हाला आळीतून कळावी?"

सगळं कळलं ह्यांना! रुपये, लाल पगडी, सगळं! "मी सांगणारच होतो," मी पुटपुटलो, "पण म्हटलं, आधी हातात काही पडू दे..."

"हातात पडल्यावर काय सांगायचं? तेव्हा तर साऱ्या गावाला ऐकू येतं!" असं म्हणत त्या सरळ आत गेल्या.

मागच्या अंगणात वहिनीने हिच्या हातातला हंडा हिसकावून घेतला.

"अक्का, वाकू नका! काय हे!"

ही ताठ उभी राहिली. आठवडाभराचा राग चेहऱ्यावर. "मी वाकेन नाही तर लोळेन. तुला काय करायचंय?"

"राग येतोच हो अशा दिवसांत," वहिनी बाकीच्यांना समजुतीने म्हणाली. "मळमळतं का फार?"

"तुला पाहून मळमळतं!"

"बघा! माणसंसुद्धा नकोशी होतात!" आळीतली एक बाई म्हणाली आणि तिने हिच्या वेणीत गजरा खोवला. दुसरीने हिरव्या बांगड्या काढल्या. तिसरीने पाट मांडून भोवती रांगोळीच घालायला घेतली.

"अहो, हे काय चाललंय?" ही माझ्याकडे पाहून ओरडली.

"डोहाळजेवण!" वहिनी म्हणाली. "सातवा ना तुम्हाला? भावोजींनीच सांगितलं. चैत्रापासून म्हणून!"

हिने माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी बापूकडे पाहत होतो, कारण तो पुरुष होता आणि पळायची वाट त्याच्या मागे होती.

"मी... मी चिंचेचं म्हणालो होतो," मी कसाबसा बोललो. "चैत्रातली चिंच!"

"पण इच्छा अक्कांना झाली म्हणालात ना?"

"तिला नव्हती झाली."

"मग कोणाला झाली होती?"

"मला."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. विहीणबाई मात्र बरणीकडे पाहत होत्या. ती फडताळावरून उतरवून हिने भांडी घासायला उघडली होती. (वहिनीला नको झालेल्या चिंचेला कसला कायदा!) त्यांनी चिंच चिमटीत घेतली, उजेडात धरली, वास घेतला.

"विहीणबाई, ही चिंच कळकलीय. हिरवट झालीय बघा. तांब्याच्या भांड्यात भरली होतीत का?"

"छे हो! चिनी मातीची बरणी आहे ही. चैत्रापासून हिच्यातच आहे."

"मग हिच्यात तांबं कुठून आलं?"

हा प्रश्न ऐकून मीच दचकलो. तांबं? तांबं कसं असेल? आत तर चांदी... विहीणबाईंनी पदर खोचला, कोपरापर्यंत हात घातला (भात चेपणारा तोच हात!), आणि फडक्याची गाठोडी वर काढून पाटावर सोडली.

पन्नास रुपये घरंगळले. अकरा पांढरे शुभ्र, लखलखीत. उरलेले एकोणचाळीस लाल!

"हे पैसे कसले?" हिने विचारलं. मग तिने ते मोजले, आणि तिला कळलं. "तांब्या कुठाय?" ती अगदी हळू आवाजात म्हणाली. मी सगळं सांगून टाकलं. लाल पगडी, डोंबिवलीचा हंडा, साहेब, सगळं! सांगताना मला हिच्या दोन वर्षांतली एकेक पै आठवत होती, आणि आयुष्यात प्रथमच मला माझ्या अक्षराची लाज वाटली. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयाच्या आईसमोर, सगळ्या आळीसमोर! आता लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, हे आम्हा दोघांच्याही एकदमच मनात आलं असेल.

विहीणबाई एक लाल रुपया उलटसुलट करून पाहत होत्या.

"व्याही, त्या माणसाच्या डाव्या कानात भिकबाळी होती?"

"होती. तुम्हाला कसं..."

"आणि तो म्हणाला का, 'जुनी चांदी कशी उतरेल, ती आधीच जुनी आहे'?"

मी मान डोलावली. विहीणबाईंचा चेहरा आधी आक्रसला, मग थरथरला, आणि मग त्या हसू लागल्या! अशा हसल्या की पाटावर बसावं लागलं.

"आमच्याकडे ह्यांनी दोनशे घेतलेत!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दोनशे! आख्खं कल्याण ह्यांना सल्ला विचारायला येतं! तांदळाच्या कणगीत लपवून ठेवलेत. श्रावणापासून रोज मला बजावतात, त्या कणगीतला तांदूळ काढू नकोस, जुना होऊ दे. तुमच्यातले अकरा तरी खरे निघाले, व्याही! आज घरी जाते आणि बचकाभर चिंच घेऊन त्या कणगीत हात घालते!"

मग त्यांनी हिचा हात धरला. "विहीणबाई, तांब्या राहू दे. या अकरांची एक वाटी घडवा, तीच द्या. मी म्हणेन, मीच वाटी मागितली होती. मात्र दोनशेचं इथल्या कोणीही बाहेर बोलायचं नाही." (मी आजवर बोललो नाही. आता व्याही-विहीण दोघेही नाहीत, म्हणून लिहितो.)

हिला हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही एकदम आलं. तेवढ्यात वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ते सगळं ठीक. पण मी पहाटे उठून करंज्या केल्यात, पाच प्रकारचे भात केलेत, फुलं आणलीत. त्यांचं काय? चिंच तर ह्यांनीच मागितली, ह्यांनीच खाल्ली. डोहाळे भावोजींना लागले होते. बसवा त्यांनाच पाटावर!"

मी नको नको म्हणत होतो. पण बापूने, ज्याच्या मागून मी पळणार होतो त्याच बापूने, मला खांद्याला धरून खाली बसवलं. डोक्यावर फुलांची वाडी आली, मनगटात गजरे आले, आणि ओटीत, म्हणजे माझ्या उपरण्यात, हिने स्वतःच्या हाताने ते एकोणचाळीस तांब्याचे तुकडे मोजून घातले.

फौजदाराकडे मी गेलो नाही. जमिनीत सापडलेलं धन सरकारला न कळवता घेतलं, हे आधी कबूल करावं लागलं असतं, आणि त्या खटल्याची नक्कल मलाच उतरवावी लागली असती! त्या महिन्यापासून माझा पगार मात्र परस्पर हिच्या हातात जाऊ लागला, तो आजतागायत.

वाटी जावयाला आवडली. विहीणबाईंनी ती साऱ्या आळीत दाखवली. पण मूळ बातमी आळीत जेवढी पसरली होती, तेवढा तिचा खुलासा काही पसरला नाही. माघात कामानिमित्त कल्याणला उतरलो तर स्टेशनाबाहेरच बापूच्या शेजारचे एक वयस्कर गृहस्थ भेटले.

"काय नाना! ठाण्याकडून काही कळलंच नाही. झालं का बाळंतपण? मुलगा की मुलगी?"

"एकोणचाळीस झाले," मी म्हणालो. "सगळे बापावर गेलेत. वरून चांदी, आतून तांबं!"